आबांनी साहेबांना अंतर दिलं

संचालक नावाच्या प्राण्याबद्दल मी आजवर जे लिहिलं ते पत्रकातच लिहिलं. पत्रकाला एकच बाजू असते, फार तर पाठपोट छापलं तर दोन. आबा त्यात कुठंच बसत नाहीत, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

आबा आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. नदीकाठची बागायत, चौसाळ्यात हायवेला लागून दोन गाळे, गाळ्यांवर दोन खोल्या, काळीभोर रंगवलेली मिशी आणि एक जुनी जीप, ही त्यांची जायदाद. वरच्या दोनपैकी एक खोली आमच्या संघटनेनं भाड्यानं घेतली होती. संघटना मोठी वाटावी असा बोर्ड आम्ही लावला होता, पण आत मी, एक सतरंजी आणि कायम कागद अडकणारा प्रिंटर एवढंच असायचं. काम ऊसतोड कामगारांचं. म्हणजे संचालकाच्या छपराखाली बसून मी संचालकांच्या विरोधात पत्रकं काढत होते. पहिल्याच दिवशी मी ते तोंडावर सांगून टाकलं. नंतर कटकट नको.

आबा म्हणाले, "लिव्हा की. माज्या नावानिशी लिव्हा. पन भितीला चिटकवू नका. रंग नवा हाय."

आमचं पहिलं मोठं पत्रक निघालं ते उसाच्या ट्रॉल्यांवर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडायच्या, त्यावर ऊस इतका चढवायचा की मागून ट्रॅक्टर दिसत नाही, मागं लाल दिवा नाही, रेडियम नाही. तोडीला जाताना याच ट्रॉलीत संसार, म्हातारीकोतारी, लेकरं आणि वर बांधलेली शेळी. मागून ट्रक येतो, त्याला अंधारात काही दिसत नाही, किंवा दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मग कारखाना म्हणतो ट्रॅक्टर ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो देवाची मर्जी. मी हेडिंग दिलं होतं : 'ट्रॉलीला ब्रेक नाही, कारखान्याला लाज नाही.'

दुसऱ्या दिवशी आबा पत्रक हातात घेऊन जिना चढून आले. मी भांडायच्या तयारीनं उठून उभी राहिले.

"हेडिंग झ्याक हाय," ते म्हणाले. "पन अर्धंच लिव्हलंय तुमी."

"का? लाज आहे म्हणता कारखान्याला?"

"लाजंचं ऱ्हाऊ द्या, ती आमच्या अजेंड्यावर न्हाई. ब्रेकचं बोला. ट्रॅक्टरला ब्रेक हाय, ट्रॉलीला न्हाई. मंग ट्रॅक्टर थांबला तरी ट्रॉली थांबती का? ती मागून रेटा देती. लगीनघरात म्हाताऱ्याला गर्दीचा रेटा बसतो, तसा. पुढचा थांबला म्हनून मागचा थांबत नसतो, बाई. हे लिव्हा. हे कुनी लिवत न्हाई."

मी लिहिलं. तेव्हापासून हा माणूस शत्रूच्या यादीत ठेवावा की नाही, हे मला ठरवता आलं नाही.

गावात त्यांना समोर आबा म्हणायचे आणि पाठीमागं अंतरमहाराज. कारण जगातल्या कुठल्याही वस्तूच्या मागं उभं राहायचं झालं तर आबा मोकळी जागा सोडून उभे राहायचे. बँकेच्या रांगेत पुढचा माणूस आणि आबा यांच्यात एवढी जागा असायची की नवा येणारा ती रांगेची शेपटी समजून तिथंच उभा राहायचा. मग त्याच्या मागं आबा पुन्हा मागं सरकायचे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "ह्यास्नी दळनाला पाटवू ने. समद्या गावाचं दळन हुतं, आमचं जवारीचं गठुडं घेऊन हे आपले शेवटाला उभे. गिरणीवाला इचारतो, आबा, तुमी दळायला आलाव का बघायला?"

पण हे सगळं पायी चालतानाचं. खरा आबा जीपमध्ये.

त्यांच्या जीपमध्ये बसणं ही शिक्षा होती, हे मी कौतुक करायला बसले असले तरी लपवणार नाही. सगळ्या मराठवाड्यात आपल्यासारखा ड्रायव्हर नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती ते दर मैलाला बोलून दाखवायचे. जीपच्या मागं लोक 'आईचा आशीर्वाद' लिहितात, यांनी रंगवून घेतलं होतं : 'जवळ या, पण गाडीतून उतरून.' कुणी मागं येऊन चिकटला की आबा हात बाहेर काढून मागं ढकलल्यासारखा हलवायचे, जसं काही त्यांचा हात त्या ट्रकच्या बॉनेटला लागतोय.

आणि ते नोटीस म्हणायचे. त्याचा प्रकार असा. पुढची गाडी एखाद्या बाभळीपाशी, पुलाच्या कठड्यापाशी पोचली की आबा मोठ्यानं सुरू करायचे : "तमाम सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की." कारखान्याच्या वार्षिक सभेच्या नोटिशीची ही पहिली ओळ. ती घाई न करता म्हणायची. शेवटचा 'की' तोंडातून पडला आणि आपली जीप अजून बाभळीच्या अलीकडं असली तर अंतर बरोबर. 'कळविण्यात' म्हणतानाच बाभळ आली तर आपण पुढच्याच्या अंगावर आहोत, पाय उचला. रस्ता ओला असला तर पुढं "आपल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा" एवढं जोडायचं. आणि पुढं पाण्याचा टँकर असला तर पार शेवटापर्यंत : "माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय."

टँकरसाठी एवढं लांबण का, तर आबांचं म्हणणं, "भरलेला टँकर शाना असतो, रिकामा बी शाना. अर्धा टँकर येडा. ब्रेक मारला का आतलं पानी पुढं पळतं आन थांबलेल्या टँकरला ढकलून देतं. तो थांबला म्हनता म्हनता पुन्हा चालतो." त्या वर्षी दुष्काळ होता, आणि आमच्याकडं अर्धे टँकरच जास्त होते. निघताना कागदावर भरलेले, पोचताना अर्धे. पाणी कुठं उतरायचं हे मी वेगळ्या पत्रकात लिहिलं आहे, इथं लिहीत नाही.

एकदा मी वैतागून विचारलं, "आबा, नोटीसच का? देवाचं नाव घ्या, गाणं म्हणा."

"देवाचं नाव लोकं घाईत घेतात," आबा म्हणाले. "नोटीस कुनी घाईत वाचत न्हाई. आन ऐनवेळचे इषय ध्यानात ऱ्हातात. रस्त्यावर सगळे ऐनवेळचेच इषय असतात बाई. शेळी आली, लेकरू आलं, म्हैस आली. ते काय अध्यक्षांची परवानगी घेऊन येतात व्हय?"

गाडी थांबायला जागा का लागते, हे मला पुस्तकातून कधी समजलं नव्हतं. आबांनी ते सहकारातून समजावलं. "डोळ्यानं म्हैस बघितली म्हंजी इषय मांडला. मेंदूनं अनुमोदन दिलं. मंग ठराव झाला, का ब्रेक मारायचा. ठराव पायाकडं गेला. पायानं अंमलबजावनी केली. ही सगळी संस्थाच हाय! आन संस्थेत टाइम लागतो. पन तवर गाडी थांबून ऱ्हाती का तुमच्या ठरावासाठी? ती चाललीच. ब्रेक लागायच्या आदीच तुमी किती गेलाव. आन ब्रेक लागल्यावर घासत जायचं ते निराळं."

"आणि वेगात असलो तर?"

"येग दुप्पट केला म्हनून घासायची जागा दुप्पट लागंल असं समद्यांना वाटतं. चौपट लागती. हितंच लोकं मरतात. त्यांचा हिशोब सरळ व्याजाचा असतो, आन रस्ता चक्रवाढ लावतो."

हा माणूस हे नुसतं बोलत नव्हता. गळीत हंगामात ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं ट्रॅक्टरांची रांग लागते, ड्रायव्हर लोक दिवसभर तंबाखू मळत बसतात. आबा जीप घेऊन मोकळ्या पटांगणात जायचे, कबड्डीला मारतात तशी फक्कीची पांढरी रेघ मारायचे आणि ओरडायचे, "चला, टोप्या काढा!" खेळ असा : आबा जीप पळवत आणणार आणि रेघेवर आल्यावर ब्रेक मारणार. जीप कुठं थांबेल असं वाटतं, त्याच्या थोडं पुढं प्रत्येकानं आपली टोपी ठेवायची. टोपी वाचली तर शहाणपण आपलं.

मी पाहिला तेव्हा एका उंचनिंच ड्रायव्हरनं ऐटीत टोपी ठेवली. जीप टोपीवरून गेली. सगळे हसले.

"सुरुवातीलाच लई जोरात आनली तुमी, आबा," तो म्हणाला.

"बरं, तुजं खरं. आता त्याच्याहून जोरात आनतो. ठेव टोपी तुला वाटंल तितकी लांब."

त्यानं मित्राची टोपी हिसकावली आणि पहिल्या जागेपासून चांगली लांब नेऊन ठेवली. जीप आली, ब्रेक लागले, धुरळा उडाला, आणि जीप ती टोपीही चेंगरून पुढं गेली. आता कुणी हसलं नाही. मित्र म्हणाला, "बे, तुज्या हिशोबानं माजी टोपी गेली. उद्या मागं बसलो तर डोकं जाईन."

आबांनी दोघांना आपल्याकडच्या जुन्या टोप्या दिल्या. त्या दोघांच्या डोक्याला मोठ्या झाल्या. मिशीला पीळ देत आबा मला म्हणाले, "हे तुमच्या पत्रकानं झालं असतं का?" असा हा गर्व. मला संताप आला, कारण झालं नसतं.

पुढं ते संचालक राहिले नाहीत, तेव्हाही हंगामात गेटजवळ खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर रेडियमच्या पट्ट्या, हातात चिंधी. ट्रॅक्टर हळू झाला की उठून ट्रॉलीचा मागचा फळा पुसायचे आणि पट्टी चिकटवायचे. आधी वॉचमन हटकायचा. मग तोच चिंधी भिजवून द्यायला लागला. संचालकपद कसं गेलं, ते आता सांगते, कारण आबा म्हटलं की मला तो दिवस आठवतो.

आमच्या जिल्ह्यात राजकारण पेपरात वाचत नाहीत, ताफ्यात वाचतात. साहेबांची गाडी पुढं. तिच्या मागं कुणाची गाडी आहे, तिच्या मागं कुणाची, यावरून रस्त्याकडेच्या हॉटेलात बसलेला माणूससुद्धा पुढच्या पाच वर्षांचे पदाधिकारी सांगतो. म्हणून ताफ्यात गाडीला गाडी चिकटवून चालवतात. बोटभर फट पडली की कुणीतरी घुसतो, आणि घुसला की त्याचं पद नक्की. मी साहेबांचं नाव लिहीत नाही. आमच्याकडं नुसतं साहेब म्हटलं तरी बसलेला माणूस उठून उभा राहतो, तेवढं पुरे.

कारखान्याची निवडणूक लागली होती. दुष्काळाचा उन्हाळा, विहिरींना तळ, पण निवडणुकीला गाड्या कमी पडल्या नाहीत. साहेबांच्या पॅनेलचे अर्ज बीडला जाऊन एकदम भरायचे, असं ठरलं. आणि आदल्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर आबांना म्हणाले, "आबा, उद्या तुमची गाडी माझ्या मागं."

याचा अर्थ चौसाळ्यात शेंबड्या पोरालाही कळत होता. आबा उपाध्यक्ष होणार. आबांना ते पद हवं होतं, अगदी तोंडाला पाणी सुटेल असं हवं होतं. ते त्यांनी लपवलंही नाही. उपाध्यक्षाकडं ऊस वाहतुकीची समिती असते. "एकडाव समिती हातात येऊ द्या," ते मला म्हणाले, "ब्रेक न्हाई, मागं रेडियम न्हाई, अशी ट्रॉली गेटातून आत घेत न्हाई. साहेबांच्या मेव्हन्याची असली तरी न्हाई." मी तीन हंगाम घसा कोरडा करून जे मागत होते, ते हा माणूस एका सहीनं करणार होता. म्हणून मी ठरवलं, आपणही जायचं. मागण्यांचं निवेदन साहेबांच्या हातात द्यायचं, आणि आबा शेजारी उभे असताना द्यायचं.

सकाळी काकूंनी आबांना फेटा बांधून दिला. बांधताना म्हणाल्या, "आज तरी पुढच्याला चिटकून जावा. आज दळन न्हाई, निवडनूक हाय."

"बघू," आबा म्हणाले.

"बघू न्हाई. चिटकून!"

कारखान्याच्या गेटावरून ताफा निघाला. साहेबांची पांढरी गाडी, मागं आमची जीप, मागं नजर पुरणार नाही एवढ्या गाड्या. हायवेला लागलो तशी साहेबांच्या ड्रायव्हरनं गाडी सुसाट सोडली. समोर एक बाभळ आली, आणि माझ्या कानाशी सुरू झालं : "तमाम सभासद बंधू-भगिनींना..."

"आबा, आज नको!"

"...कळविण्यात येते की." त्यांनी पाय उचलला. साहेबांच्या गाडीत आणि आमच्यात जागा पडली. पडायचा अवकाश, एक काळी गाडी भोंगा वाजवत आली आणि त्या जागेत घुसली. काचेतून साहेबांच्या पुतण्यानं आम्हाला हात केला.

"घुसला!" मी ओरडले.

"घुसू द्या. आता त्याच्यापास्नं अंतर ठेवायचं."

ठेवलं. त्या अंतरात बाजार समितीवाले घुसले. त्यांच्यापासून ठेवलं, त्यात एक ठेकेदार घुसला. प्रत्येक गाडी आत आली की आबा नव्या गाडीसाठी नवी नोटीस म्हणायचे. दुसरे होतो ते चौथे झालो, सातवे झालो, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. संताप मला इतका आला होता की मी डॅशबोर्डवर मूठ आपटली. "आबा, पद चाललंय तुमचं! ट्रॉल्या चालल्या आमच्या! एवढा एक दिवस चिकटा. एका दिवसात काय होतंय?"

"काय व्हत न्हाई," आबा म्हणाले. "तेच तर वाईट हाय. रोज चिटकलं तरी काय व्हत न्हाई, म्हनून लोकांना वाटतं का हेच बरूबर हाय. बरूबर न्हाई बाई ते. नुसतं अजून झालं न्हाई."

त्यांच्या कपाळावर फेट्याखालून घाम येत होता. त्यांना चिंता नव्हती असं कुणी समजू नये. मी बाजूला बसले होते. पुढं गेलेल्या पांढऱ्या गाडीकडं ते ज्या नजरेनं बघत होते, ती मी पाहिली आहे.

मांजरसुंब्याच्या अलीकडं एक वस्ती लागते. रस्त्याच्या एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला विहीर. नुकताच टँकर येऊन विहिरीत पाणी सोडून गेला होता. टँकरचं पाणी विहिरीत पडलं की ज्याच्या हाताला लागेल त्याचं, थोड्या वेळात पुन्हा चिखल. पलीकडच्या शेतातली माणसं पोचली होती, दोर सोडून उपसत होती. आणि अलीकडं, घरांच्या अंगाला, घागरी घेऊन बायांचा घोळका उभा होता. त्यांना रस्ता ओलांडायचा होता. रस्त्यावर ताफा होता. गाडीला गाडी चिकटलेली, मांजरसुद्धा मधून जाणार नाही. बाया एक पाय डांबरावर ठेवायच्या, भोंगा वाजला की मागं घ्यायच्या. पुढच्या एकाही गाडीचा वेग कमी झाला नाही. कुणी काचेतून हात जोडत गेले, निवडणूक होती ना.

सगळ्या ताफ्यात जागा होती ती एकच, आमच्या पुढची.

एका म्हातारीनं ती हेरली आणि ती रस्त्यात उतरली. तिच्या मागं एक, मग सगळ्याच. आबांनी ब्रेक मारला. झटका नाही, किंचाळणं नाही. जीप सरळ आली आणि थांबली, म्हातारीपासून चांगली लांब. मागच्यांनी मात्र भोंग्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. कुणाचे टायर किंचाळले, कुणी शिव्या दिल्या. "ए आबा! साहेब गेले की रे पुढं! काढ गाडी!"

आबांनी गाडी बंद केली. किल्ली काढून खिशात टाकली. मी त्यांच्याकडं बघत राहिले. गाडी नुसती हळू केली असती, चार बाया गेल्यावर काढली असती, तरी चाललं असतं. त्यांनी किल्लीच काढली.

"जाऊ द्या समद्यांना," ते म्हणाले. शेवटची बाई पलीकडं जाईपर्यंत पुढच्या गाड्यांचा धुरळासुद्धा खाली बसला होता.

साहेब बीडला पोचले ते अर्ध्या ताफ्यानिशी. विरोधी पॅनेलची माणसं अर्ज भरायच्या ऑफिसच्या आवारात उभीच होती. त्यांनी बोटं दाखवून गाड्या मोजल्या आणि हसली. आम्ही मागच्या गाड्यांचं लटांबर घेऊन पोचलो, तोवर बातमी आमच्या आधी पोचली होती : आबांनी ताफा फोडला. आवारात लिंबाखाली साहेब उभे होते. पुतण्याच्या हातात पॅनेलची यादी होती.

साहेब रागावले नव्हते. आवाज दुखावल्यासारखा होता, आणि रागापेक्षा ते वाईट. म्हणाले, "आबा, इतक्या वर्षांचा संबंध. तुम्ही अंतर दिलंत?"

आमच्या भाषेत अंतर देणं म्हणजे साथ सोडणं. 'मला अंतर देऊ नका' म्हणत माणसं एकमेकांच्या पाया पडतात. आबांनी एवढंच म्हणायचं होतं, नाही साहेब, बाया आडव्या आल्या. दोन शब्दांत मिटलं असतं. मी तोंड उघडणार, तोच आबा मान ताठ करून म्हणाले :

"दिलं की साहेब. द्यावंच लागतं."

पुतण्यानं खिशातून पेन काढलं. यादीवर एक रेघ ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, असं मला अजून वाटतं. आबांच्या जागी ठेकेदाराचं नाव आलं, तोच तो, आमच्या पुढं घुसलेला. माझं निवेदन माझ्या हातातच घामानं भिजलं.

परतताना मी गप्प बसले नाही. मला ते येत नाही. "तुम्हाला दोन्ही अर्थ कळत होते, आबा. मुद्दाम बोललात."

"कळत व्हते."

"मग कावून बोललाव असं?" चिडले की माझ्याही तोंडून गावची बोली बाहेर पडते.

"त्यांनी इचारलं, दिलं का? दिलंवतं. खोटं कावून बोलू?" मग म्हणाले, "उपाध्यक्ष व्हायचं व्हतं बाई मला. लई व्हायचं व्हतं." पुढं गाड्या होत्या, बाभळी होत्या, पण त्यांनी नोटीस म्हटली नाही.

वस्ती जवळ आली आणि जीपच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. रेडिएटर तापला होता. आबांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि नुसते उभे राहिले. विहीर समोर दिसत होती. तिच्यावर आता कुणी नव्हतं. त्या उन्हात, त्या वस्तीवर पाणी मागायला त्यांची जीभ उचलेना, आणि माझीही.

घराच्या सावलीतून तीच म्हातारी आली. कमरेवर घागर, अर्धीच भरलेली. वाफ बघून म्हणाली, "हीच ना वो मगाची? थांबलीवती ती?"

"व्हय," आबा म्हणाले. "पन मावशी, पानी ऱ्हाऊ द्या. मानसांना न्हाई तं गाडीला कावून देता? थंड व्हईल आपसुक."

"थांबली कोन? गाडीच थांबली ना? मंग तिला पाजा." तिनं घागर पुढं केली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि एक थेंब खाली सांडू न देता रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. थोडंच ओतलं, उरलेलं परत दिलं.

म्हातारीनं आबांचा फेटा निरखला. "विलेक्शनला हायेत का तुमी? निशानी सांगा. आमच्या वस्तीची समदी मतं तुमाला. मी सांगते एकेकीला."

माझा चेहरा खुलला असावा. अपक्ष अर्जाला अजून एक दिवस होता. मी मनात पत्रकाचं हेडिंगही जुळवायला लागले.

आबांनी विचारलं, "कारखान्याला मत हाय का मावशी तुमचं? शेअर हाय का कुनाच्या नावावर?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "शेअर ऊसवाल्यांचे. आमी नुस्ता तोडतो."

आबांनी बॉनेट लावलं. फेटा काढून मागच्या सीटवर ठेवला आणि तिच्यापुढं हात जोडले, बराच वेळ. जिला मत नाही अशा बाईपुढं हात जोडणारा संचालक मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हा ते संचालक राहिलेही नव्हते.